दारावरची बाकी

२

आकडा गेला होता.

बोडीटोल्याच्या शाळेच्या भिंतीवर, रस्त्याच्या अंगाला, हात-हात उंचीचे सहा अंक निळ्या रंगात उभे होते: २९९५६१. वर ‘आमच्या गावाची मूळसंख्या’ ही अक्षरं, खाली पिवळी धानाची लोंबी. आज सकाळी लोंबी होती, अक्षरं होती, आणि मधल्या सहा अंकांवर शेण होतं.

पोलीस पाटील दामिनी कापगते पोचली तोवर भिंतीपुढे निम्मं गाव जमलं होतं. शाळा समितीचे अध्यक्ष यादोराव तिला पाहताच कडाडले, “पाय बाई, पाय! गावाच्या तोंडाले शेण फासलं कोणीतरी! परवा जिल्ह्याचे साहेब येऊन राहिले, उद्या दुपारी गोलू दगडावर आकडा कोरणार, आन् आज हे!”

दगड भिंतीलाच टेकून उभा होता. काळा, घासून गुळगुळीत केलेला, अजून कोरा.

दामिनीने शेणाला बोट लावलं. वाळलं होतं. तिला एक गोष्ट दिसली आणि तिने ती मनातच ठेवली. शेण कोणी फेकलेलं नव्हतं. सारवलेलं होतं. पंजाचे कमानदार फराटे एकाशेजारी एक, अंगणात उठतात तसे. खालच्या कडेला तर छुईची, म्हणजे पांढऱ्या मातीची, बोटभर रेघसुद्धा होती. सणासुदीला ओढतात तशी.

“शाळेत रोज शेणात हात कोणाचा असते?” यादोराव गर्दीला विचारत होते. “चुलीपाशी सारवते कोण? रेवताबाई! उद्या सकाळीच समितीची बैठक लावतो. तिचं खिचडीचं काम बंद.”

रेवताबाई वलथरे स्वयंपाकखोलीच्या दारात पळी घेऊन उभी होती. बोडीत, म्हणजे गावच्या तळ्यात, मासे मारणाऱ्या घरातली. नवरा गेला, जाळं पुतण्याने नेलं, आणि आता शाळेतल्या चुलीवर तिचं पोट होतं. तिने पळी दुसऱ्या हातात घेतली.

दामिनीला तिची दया आली. “काहीही काय बोलता जी, काका? हिले आकडा म्हणजे काय, ते तरी मालूम आहे का? हिचं आकड्याशी भांडण कायचं?” आणि ते सिद्ध करायला तिने सगळ्यांदेखत विचारलं, “रेवतामाय, सांग बरं. सत्तावीसले तिनानं भाग देला तं बाकी किती?”

रेवताबाई हातातल्या पळीकडे पाहत राहिली.

“पाहा!” दामिनी म्हणाली.

लोक हसले. पोट्टे जास्त हसले. दामिनीला वाटलं, आपण तिला वाचवलं.

३

मूळसंख्या म्हणजे काय, हे बोडीटोल्यात शेळ्या राखणाऱ्यालाही विचारा, तो सांगेल. ते सुखराम गुरुजींचं काम.

“असं धान समजा,” निवृत्त झालेले गुरुजी पारावर बसून सांगत, “की कितीही सारख्या ढिगांत वाटा, काहीतरी उरतेच. सगळं एका ढिगात ठेवा नाहीतर दाणा दाणा वेगळा करा, तेव्हाच वाटणी बरोबर. ती मूळसंख्या. जगात यंत्रं कोटी-कोटी अंकांच्या शोधून राहिली. आपण आपल्या हाताले झेपेल अशी एक शोधू. गावाची स्वतःची.”

मागच्या पावसाळ्यात सहा पोरांनी सहा अंक दिले. गुरुजींनी ते लावून पाहिले. शेवटी एक, म्हणजे दोनाने नाही, पाचानेही नाही. बेरीज बत्तीस, म्हणजे तिनानेही भाग जाणार नाही. “आन् एक गंमत पाहा. तिनाच्या वरची प्रत्येक मूळसंख्या सहाच्या पाढ्याशेजारीच घर बांधते, एक घर अलीकडे नाहीतर एक घर पलीकडे. हीही तिथंच राहते. पण शेजारी राहणारा प्रत्येक जण सोयरा नसतो. पंचवीसही तिथंच राहते. म्हणून तपासावं लागते.”

तपासायचं कुठवर? संख्या गुणाकाराच्या दोन तुकड्यांत मोडलीच, तर त्यांतला लहान तुकडा वर्गमुळाच्या आतच सापडतो. इथे पाचशे सत्तेचाळीसपर्यंत. तेवढ्यात ज्या मूळसंख्या येतात त्या प्रत्येकीने भागून पाहायचं. दोन, तीन, पाच झालेच होते. उरल्या अठ्ठ्याण्णव. आणि बोडीटोल्यात दारं अठ्ठ्याण्णव.

गुरुजींना तो कौल वाटला. एका दाराला एक भाजक. घरातल्या कोणीही हाताने भागाकार करायचा आणि दारावर गेरूने आपला भाजक आणि बाकी लिहायची. मोबाईलला विचारायचं नाही, अशी बोडीच्या पाण्यात हात बुडवून सगळ्यांनी शपथ घेतली. एका जरी दारावर बाकी शून्य आली, तरी संख्या गेली.

एकाही दारावर आली नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी डफडं वाजवत मिरवणूक निघाली, आणि तेव्हापासून गावात माणसं दारांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. दोनशे अकरावाला गोलू. तीनशे सत्त्याण्णववाली रिता. यादोराव अध्यक्ष, म्हणून त्यांना मानाचा भाजक मिळाला होता: सात.

५

गुरुजी शाळेत आले ते बोडीच्या पाळीवरून, म्हणजे तळ्याच्या बांधावरून, चपला चिखलाने भरलेल्या. त्यांचं घर गल्लीच्या वरच्या टोकाला आणि शाळा खालच्या. गल्ली सरळ, फरशीची.

“पाळीवरून काहून आले जी?” दामिनीने विचारलं.

“डॉक्टरनं चालाले सांगितलं.”

ते भिंतीपुढे उभे राहिले. दामिनी वाट पाहत होती, आता चिडतील, आता डोळे भरून येतील. तसं काही झालं नाही. गुरुजींचे खांदे खाली आले, डोक्यावरचा भारा कोणी उतरवून घ्यावा तसे.

“शेणच आहे. धुऊन निघते,” ते म्हणाले. मग हळूच, “रेवताले कोणी काही म्हणू नका.”

“गुरुजी, दगडावर दोन चौकोनही कोरणार होते ना तुम्ही? सातवीत शिकवलं होतं आम्हाले.”

तिला तो तास अजून आठवत होता. चाराने भागल्यावर एक उरतो अशी कोणतीही मूळसंख्या घ्या, ती दोन वर्गांच्या, म्हणजे दोन चौकोनांच्या, बेरजेत मोडते. तेरा म्हणजे नऊ आणि चार. एकोणतीस म्हणजे पंचवीस आणि चार. कधीच चुकत नाही. गावाच्या संख्येलाही चाराने भागल्यावर एक उरत होता. तेव्हा तिचेही दोन चौकोन असणारच, आणि ते दगडावर येणार, असं गुरुजी पावसाळ्यात स्वतः म्हणाले होते.

“चौकोन राहिले,” गुरुजी म्हणाले. “दगडावर जागा नाही.”

दामिनीने दगडाकडे पाहिलं. त्यावर गोऱ्हा निजला असता.

७

रागाने शेण फासणारा अक्षरं सोडत नाही. लोंबीला वळसा घालत नाही. आणि छुईची रेघ तर मुळीच ओढत नाही. हे काम करणाऱ्याला भिंत घाण करायची नव्हती, अंक झाकायचे होते. काहून? उद्या गोलू भिंतीवर पाहून दगड कोरणार होता. म्हणजे ते अंक दगडावर जाऊ नयेत असं कोणालातरी वाटत होतं.

गोलूला? त्याने दगडाच्या कोपऱ्यात आपलं नाव मागितलं होतं आणि गुरुजींनी नाही म्हटलं होतं. यादोरावांना? त्यांना दगडावर वडिलांचं नाव हवं होतं. पण दोघांच्याही हाताला सारवणाची कमान येत नव्हती. रंगाचा ब्रश दिला तरी गोलू त्याने चुना कालवायचा.

दामिनी घरी ओसरीवर बसली आणि दोन चौकोन शोधू लागली. मोबाईलवर नुसती आकडेमोड केली तर शपथ मोडत नाही, असं तिने स्वतःला समजावलं. एक वर्ग वजा करायचा, उरलेला वर्ग आहे का पाहायचा. नाही? पुढचा. नाही? पुढचा. उन्हाची तिरीप ओसरीच्या एका खांबावरून दुसऱ्या खांबावर गेली. चुलीवरची भाजी करपली.

एकही जोडी निघाली नाही.

मूळसंख्या असती तर दोन वर्गांत मोडायलाच हवी होती. मोडत नव्हती. म्हणजे मूळसंख्या नव्हतीच. पोळ्यापासून गावाच्या भिंतीवर खोटं उभं होतं, आणि अठ्ठ्याण्णवांपैकी एक दार खोटं बोलत होतं.

आणि गंमत म्हणजे दामिनीला आनंद झाला. संख्या खोटी आहे हे ठाऊक असणारा माणूसच ती झाकणार. तो भागाकार येणारा असणार. म्हणजे रेवतामाय सुटली!

९

(नऊ मूळसंख्या नाही. हे प्रकरण इथे बसत नाही. पण बोडीटोल्यातही न बसणारं पुष्कळ काही बसवून घेतलेलं होतं.)

दार २११. बाकी ३००.

“गोलू, भाजक दोनशे अकरा आन् बाकी तीनशे? बाकी कधी भाजकाहून मोठी रायते का बे?”

“जास्तच देली ना ताई? कमी तं नाही देली?”

“भागाकार केला होता?”

“निंदण चालू होतं. आन् सगळे काहीतरी लिहूनच राहिले होते.”

दार ३९७. बाकी १३.

“तेराच काहून वं, रिता?”

“चौकटीवर तेवढीच जागा होती.”

“रिता!”

“मंग तुम्हीच सांगा ताई, कोणती बरी दिसते? मी पुसून तेच लिहितो.”

दार ७. बाकी ३. बरोबर.

“मी स्वतः केला,” यादोराव छाती काढून म्हणाले. “कोणाची मदत नाही. दोन दिवस लागले.”

दार ५२१. बाकी १२. हे दामिनीचं स्वतःचं दार होतं. तिने ते आजवर कधी तपासलंच नव्हतं. आत तिचा नवरा भूपेंद्र खाटेवर बसून मोजे काढत होता.

“हा भागाकार तुम्ही केला ना जी?”

“कोणता?”

“दारावरचा.”

भूपेंद्रने एक मोजा उलटा केला, पुन्हा सुलटा केला. “तूच म्हणाली होतीस ना, पाटलाचं दार मागं रायलं तं नाक कापलं जाईल. मंग म्हटलं, देऊन टाकू. बारा चांगला वाटला.”

दामिनी दारात उभी राहिली. मघापासून ती लोकांच्या चौकटींवर टॉर्च मारत हिंडली होती, आणि तिच्या पाठीमागे बारा चांगला वाटत होता.

खोटी दारं मोजण्यात आता अर्थ नव्हता. ती फार होती. पण त्या सगळ्यांत एक फरक होता. इतरांनी भागलंच नव्हतं. भागून, शून्य पाहून, मग खोटं लिहिणारा गावात एकच असणार. तो कोण, हे दारं सांगणार नव्हती.

तिने दोन्ही हात लुगड्याला पुसले, बोडीचं पाणी अजून त्यांवर असल्यासारखे, आणि मोबाईलला विचारलं.

मोबाईलने क्षणात सांगितलं: ४६३ × ६४७.

सहाशे सत्तेचाळीस हा हद्दीबाहेरचा, त्याला गावात दार नव्हतं. राहिला त्याचा जोडीदार. गल्लीत पोट्टे चेंडू खेळत होते. दामिनीने हाक मारली, “अबे, चारशे त्रेसष्टवाला कोण आहे रे?”

“वाला नाही, वाली!” पोट्टे एका सुरात ओरडले. “रेवतामाय!”

११

झोपडीचं दार लाकडी, जुनं. त्यावर गेरूने लिहिलं होतं: ४६३. बाकी १.

इतर दारांवर अंक लंगडत होते, एकमेकांवर पडत होते. इथले अंक गोल, सारखे, एका ओळीत. त्या एकाचं डोकं मात्र फिकं होतं आणि खाली उतरणारी शेपटी गडद, जराशी वाकडी.

रेवताबाई अंगणात तांदूळ निवडत होती. “ये. बस.”

“रेवतामाय, भिंत तूच सारवली?”

“हो.”

इतक्या सरळ उत्तराची दामिनीला तयारी नव्हती. “काहून?”

“छुई उरली होती.”

“मस्करी नोको करू. उद्या तुझं काम जाऊन राहिलं. हा दारावरचा भागाकार कोणी केला?”

“मीच केला.”

“तुले तं...”

“सत्तावीसचा नाही येत,” रेवताबाई तांदळातून खडा उचलत म्हणाली. “ह्याचा आला.”

दामिनीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. शेजारच्या कुडावरून दोन बाया पाहत होत्या. सकाळी हसलेल्यांत त्या होत्या की नाही, दामिनीला आठवेना. होत्याच असणार.

“माय, कोणाले वाचवून राहिली तू?”

“मी कायची कोणाले वाचवू? मले कोण वाचवते ते पाहा.” मग ती पुन्हा सुपाकडे वळली. “जा. बैठकीत सांग, बाईनं कबूल केलं. तुझंही काम झालं.”

दामिनी उठली. दारासमोरून निघताना तिने त्या एकाकडे पुन्हा पाहिलं. फिकं डोकं. गडद शेपटी. डोकं आधी लिहिलेलं, शेपटी मागाहून लावलेली. शेपटी नसताना ते काय होतं?

तिने बोटाने शेपटी झाकली.

दारावर शून्य होतं.

१३

बोडीटोल्यात धानाच्या रोवण्याच्या दिवसांत मजुरीचा हात वेगळा आणि नात्याचा हात वेगळा. तू माझ्या बांधीत, धानाच्या खाचरात, वाकलीस तर मी तुझ्या बांधीत वाकणार. हाताची फेड हातानेच. तिथे कोणी पैसे पुढे केले तर तो अपमान.

रेवताबाईला बांधी नाही. पण आषाढात ती कोणाच्या चिखलात पऱ्हे, धानाची रोपं, लावत होती, हे दामिनीने रस्त्यावरून जाताना स्वतः पाहिलं होतं. गुरुजींच्या बायकोचा, सत्यभामाबाईंचा, गुडघा सुजला होता, माणसं मिळत नव्हती, आणि गुरुजींच्या बांधीत एकटी रेवताबाई.

जिला शेत नाही तिचा हात परत करायचा कसा? तिच्या वाटचं दुसरं काही काम करून. जे तिला येत नाही असं काही.

गोल, सारखे, एका ओळीतले अंक. अख्ख्या गावाने त्या हाताखाली पाटी गिरवली होती. आणि सरळ गल्ली सोडून पाळीने चालणारा माणूस, कारण गल्लीत ते दार लागतं.

संध्याकाळी गुरुजींच्या ओसरीवर सत्यभामाबाईंनी दामिनीपुढे आणि गुरुजींपुढे चहा आणून ठेवला आणि गुडघा धरत आत गेल्या. चहावर साय धरली. गुरुजींनी कपाला हात लावला नाही.

“सगळे भागाकार आले होते,” ते शेवटी म्हणाले. “रेवताचं दार तेवढं राहिलं. मी म्हटलं, तिचा हात माझ्याकडे आहे, मी फेडतो. तिच्या अंगणात बसून केला. शून्य आलं. पुसून पुन्हा केला. पुन्हा तेच. शून्य म्हणजे शून्य, मी दारावर लिहिलं.”

“मंग?”

“मंग गल्लीच्या तोंडाशी डफडं वाजलं. पोट्टे गुलाल घेऊन येऊन राहिले. यादोरावनं आधीच मिरवणूक काढली, एकच दार तं राहिलं, त्यात काय येणार म्हणून. सगळे माझ्याकडे पाहून हसत येत होते. आन् माझ्या हातात गेरूची काडी.” त्यांनी आपला उजवा हात उलटा करून पाहिला. “शून्याले शेपटी लावाले वेळ लागत नाही, दामिनी.”

“रेवतामायनं पाहिलं?”

“तिले भागाकार येत नाही. माणसाचं तोंड वाचता येते. तेव्हापासून त्या दारावरून गेलो नाही. दगड आला त्या दिवशी मात्र गेलो. तिच्या उंबऱ्यावर बसलो आन् एवढंच म्हटलं की रेवता, दगडावरचं पुसता येत नाही.”

आतून भांड्याचा आवाज आला आणि थांबला. सत्यभामाबाई ऐकत होत्या.

“उद्या बैठक आहे, गुरुजी,” दामिनी म्हणाली. “मी काही सांगणार नाही.”

“काहून? तू पाटील आहेस.”

“माझ्या दारावर बारा लिहिलं आहे.”

गुरुजींनी वर पाहिलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

१७

बैठक शाळेच्या व्हरांड्यात भरली. रेवताबाई खांबाला टेकून उभी. खुर्ची दिली तरी ती बसली नाही.

“भिंत तूच सारवली?” यादोरावांनी विचारलं.

“हो जी.”

“ऐका! लिहा, बाईनं कबूल केलं.” यादोराव सांगू लागले आणि गोलू लिहू लागला. दामिनी फरशीकडे पाहत होती. तोंड उघडलं तर गुरुजी उघडे पडणार, बंद ठेवलं तर रेवतामाय. रात्री तिला वाटलं होतं की गप्प बसणं हा मान आहे. आता व्हरांड्यात तो मान वाटत नव्हता.

तेवढ्यात गल्लीतून गलका आला. पुढे पोट्टे, मागे गुरुजी. पाळीवरून नाही, गल्लीतून. “गुरुजीनं रेवतामायच्या दारावरचा एक पुसला! थुंकी लावून पुसला!” पोट्टे ओरडत होते. गुरुजींचा अंगठा गेरूने लाल होता.

 ते भिंतीला टेकलेल्या काळ्या दगडापुढे गेले, खिशातून खडू काढला आणि त्या कोऱ्या दगडावर लिहिलं:

४६३ ) २९९५६१ (

“सांगा रे,” ते पोरांना म्हणाले. “दोन हजार नऊशे पंच्याण्णवात चारशे त्रेसष्ट किती वेळा?”

“सहा!” पहिल्या बाकावरची गुड्डी ओरडली.

“उरले?”

“दोनशे सतरा!”

“वरचा सहा खाली घ्या. आता?”

“चार वेळा! उरले तीनशे चोवीस!”

“शेवटचा एक खाली. तीन हजार दोनशे एक्केचाळीस. किती वेळा?”

इथे जरा वेळ लागला. गुड्डी बोटांवर, ओठांत पुटपुटत मोजत होती. “सात. सात वेळा, गुरुजी. बरोबर सात!”

“बाकी?”

“शून्य!”

आणि पोरांनी टाळ्या वाजवल्या. बाकी शून्य आली म्हणजे उदाहरण सुटलं, असं त्यांना याच शाळेत शिकवलं होतं. टाळ्या बराच वेळ वाजल्या. मोठ्यांपैकी कोणी वाजवल्या नाहीत, म्हणून त्या हळूहळू थांबल्या.

“आपली संख्या मूळ नाही,” गुरुजी मोठ्यांकडे वळून म्हणाले.  “पोळ्याच्या आदल्या दिवसापासून मले माहीत आहे. दार रेवताचं होतं. हात माझा होता. शून्य पुसून मी एक केला आन् तुमच्यासंग गुलाल खेळलो. तिनं भिंत झाकली ती माझी लाज झाकाले. काम काढायचं असलं तं मले तं काही काम नाही. मंग नाव काढा. जिथं जिथं माझं लिहिलं आहे, तिथून.”

यादोरावांनी घसा खाकरला. गोलूने पेनचं टोपण लावलं. त्याच्या पलीकडे रिता आपल्या पायाच्या अंगठ्याकडे पाहत होती. एकाही माणसाला गुरुजींना काही म्हणता आलं नाही. म्हणायचं तर आधी आपल्या दाराकडे पाहावं लागलं असतं.

अर्धा लिहिलेला ठराव यादोरावांनी घेतला, घडी केली आणि खिशात घातला. रेवताबाईची माफी कोणी मागितली नाही. ती व्हरांड्यातून उतरली आणि चूल पेटवायला गेली, कारण पोरांच्या जेवणाची वेळ होत आली होती.

१

(एक मूळसंख्या नाही. मोडणारी संख्याही नाही. तिला कोणत्याच रांगेत बसवत नाहीत.)

साहेबांना निरोप गेला की कार्यक्रम नाही. त्या संध्याकाळी गल्लीत पाण्याचा आणि घासण्याचा आवाज होता. कोणी कोणाकडे पाहत नव्हतं. जो तो आपापली चौकट धूत होता.

दामिनी उंबऱ्यावर पाटी घेऊन बसली आणि पाचशे एकवीसने भागू लागली.

“आता कायले?” भूपेंद्र म्हणाला. “संख्या तं खोटी निघाली ना?”

ती भागत राहिली. बाकी पाचशे सात आली. बारा पुसून तिने तिथे पाचशे सात लिहिले. गेरू ओला होता तोवर बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती शाळेत गेली. पोरं पंगतीत बसली होती आणि पंगतीच्या टोकाला, ताट मांडीजवळ घेऊन, सुखराम गुरुजी. रेवताबाईने गल्लीत त्यांना हाक मारून आणलं होतं म्हणे. ते मान खाली घालून जेवत होते. भिंतीवर सारवण तसंच होतं, ते काढायचं कोणी नाव काढलं नव्हतं. दगडावरचा खडूचा भागाकार दवाने पुसट झाला होता.

“माय, मी...” दामिनी म्हणाली.

“सत्तावीसले तिनानं भाग देला तं बाकी किती?” रेवताबाईने हातातल्या पातेल्यावरून विचारलं.

“शून्य.”

“हं. मले येत नाही हे तुले आधीच मालूम होतं ना?”

“हो.”

“मंग सगळ्यांसमोर काहून इचारलं वं?”

  रेवताबाईने पंगतीत गुरुजींच्या शेजारी एक ताट ठेवलं, दामिनीला खुणेने बसवलं, खिचडी वाढली आणि पुढच्या पोराकडे गेली.